निसर्गचित्राला निमित्त लागेनासं झालं, तिथवरचा प्रवास

विचारलेला प्रश्न असा आहे: डोंगर, नद्या, झाडं माणसाच्या डोळ्यांपुढे कायमच होती, मग नुसत्या निसर्गाचं चित्र हा चित्रकलेतला स्वतंत्र प्रकार व्हायला इतका उशीर का लागला? आणि खरं लँडस्केप इंप्रेशनिस्टांपासूनच, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या मोने वगैरे फ्रेंच चित्रकारांपासूनच, सुरू झालं असं म्हणतात, ते बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. का, ते ओघात येईलच. पहिल्या प्रश्नातला ‘उशीर’ युरोपपुरताच खरा आहे, पण तो समजून घेण्यासारखा आहे. मी स्वतः बाहेर बसून लँडस्केप करते आणि शिकवते. त्यामुळे हा इतिहास मला चित्रकाराच्या बाजूने दिसतो: चित्र मागवलं कुणी, ते रंगवलं कुठे बसून, आणि क्षितिजरेषा कुठे घेतली. झाड काढता येत नव्हतं म्हणून काही अडलं नव्हतं. नुसतं झाड काढायला निमित्त मिळत नव्हतं. पैसे मोजणाऱ्याला संत हवा असायचा, पुराणकथा हवी असायची, नाहीतर स्वतःची जमीन दाखवायची असायची. ही निमित्तं एकेक करून गळत गेली, आणि निसर्गचित्र उरलं.

अगदी जुनी उदाहरणं आहेतच. एजियन समुद्रातल्या थेरा बेटावर, अक्रोतिरी इथे, ज्वालामुखीच्या राखेखाली एक लहानशी खोली सापडली. तिच्या तीन भिंतींवर लाल-पिवळे खडक, त्यांतून उगवलेल्या लिली आणि उडणाऱ्या पाकोळ्या आहेत. माणूस एकही नाही. हे काम इसवी सनापूर्वीच्या सोळाव्या शतकाच्या आसपासचं. रोमजवळ सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या बंगल्यात एका तळघराच्या चारही भिंतींवर बाग रंगवली होती: डाळिंबं, इतर फळझाडं, पक्षी, आणि मागच्या झाडीचा निळसर धूसरपणा. दूरची झाडं फिकी दाखवायची हे त्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं. पण ही खोली सजवण्याची कला होती. तिची परंपरा टिकली नाही आणि युरोपला पुढे हजारेक वर्षं हे सगळं नव्याने शिकावं लागलं.

चीनमध्ये गोष्ट वेगळी घडली, आणि मला वाटतं तिथे थोडं थांबायलाच हवं. पाचव्या शतकात होऊन गेलेल्या झोंग बिंग या चित्रकाराने म्हातारपणी डोंगर चढणं अशक्य झाल्यावर, पाहिलेले डोंगर आपल्या खोलीच्या भिंतींवर रंगवले; पडल्या पडल्या तिथे फिरता यावं म्हणून. निसर्गचित्रावर त्याने एक छोटा निबंधही लिहिला. म्हणजे निसर्ग पाहणं हेच पुरेसं कारण आहे, हा विचार तिथे तेव्हाच मांडला गेला होता. अकराव्या शतकापर्यंत, सोंग राजवटीत, डोंगर-पाण्याचं चित्र हा तिथला सर्वांत मानाचा चित्रप्रकार झाला. युरोपात लँडस्केपला हा मान मिळायला एकोणिसावं शतक उजाडलं.

फान क्वान या चित्रकाराचं साधारण इसवी सन 1000 च्या सुमाराचं चित्र तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. डोंगर-ओढ्यांतून चाललेले वाटसरू हा त्याचा विषय. रेशमावर शाईने केलेलं, दोन मीटरहून थोडं उंच. वरचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग एकाच प्रचंड सुळक्याने व्यापलेला आहे. उजव्या कपारीतून धबधब्याची बारीक पांढरी रेघ उतरते आणि खाली धुक्यात विरून जाते. तिथून खाली खडक, झाडी, आणि पार तळाशी उजवीकडे ओझं लादलेल्या खेचरांची रांग. माणसं बोटाच्या पेराएवढी. खडकाचा खरबरीतपणा ब्रशच्या टोकाने टिपटिप उमटवलेल्या हजारो लहान फटकाऱ्यांनी आणला आहे; चिनी परंपरेत या पद्धतीला पावसाच्या थेंबांचं नाव आहे. खडकाच्या जातीप्रमाणे असे फटकारे ठरलेले असत, कुऱ्हाडीच्या घावांसारखे, तागाच्या धाग्यांसारखे, आणि विद्यार्थी ते घोटून शिकत. चित्रकाराची सही खेचरांजवळच्या पानांत इतकी बेमालूम दडलेली आहे, की ती 1958 मध्ये एका अभ्यासकाच्या नजरेला पडली.

या चित्रात एकच एक क्षितिजरेषा नाही. तळ वरून पाहिल्यासारखा, मधला भाग समोरून, आणि सुळका मान वर करून. ग्वो शी या पुढच्या मोठ्या चित्रकाराने तीन अंतरांची मांडणी केली: खालून वर पाहण्याचं, डोंगरांच्या मधून आत शिरण्याचं, आणि समोर लांबवर पसरलेलं. त्याचं ‘वसंताची सुरुवात’ हे 1072 मधलं चित्र पाहिलं की तीनही एकाच चौकटीत सापडतात. आमच्याकडे यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकवताना एकच डोळा, एकच बिंदू, असं शिकवलं जातं. तो एकच मार्ग आहे असं मात्र समजू नका.

आता युरोप. मध्ययुगीन चित्रात निसर्ग संताच्या खांद्यामागून डोकावतो. सिएना शहराच्या सभागृहात आंब्रोजो लोरेंझेत्ती याने 1338–39 मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचे परिणाम रंगवले, त्यात शहराच्या वेशीबाहेरची शेतं, टेकड्या, कापणी करणारे लोक असा मोठा पट्टा आहे. पाहताना छाती भरून येते. पण त्याचं निमित्त आहे राजकारण. कोनराड वित्स या चित्रकाराने 1444 मध्ये जिनिव्हाच्या एका वेदीसाठी येशूचा पाण्यावरचा चमत्कार रंगवला आणि पाणी घेतलं थेट जिनिव्हाच्या सरोवराचं, मागच्या ओळखू येणाऱ्या डोंगरांसकट. निमित्त बायबलचं, डोळा मात्र जागेवर. लिओनार्दोने 5 ऑगस्ट 1473 ही तारीख आपल्या उलट्या अक्षरांत घालून आर्नो नदीच्या खोऱ्याचं पेनने केलेलं रेखाटन तर निव्वळ निसर्गाचंच आहे. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. मात्र ते कागदावरचं रेखाटन होतं, कुणाला विकायचं चित्र नव्हे. युरोपातल्या पुढच्या तीनशे-चारशे वर्षांची गोम इथेच आहे: स्वतःसाठी काढायचं ते एक, आणि भिंतीवर लावायचं ते दुसरं.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला अँटवर्पचा योआखिम पाटिनिर हा पहिला चित्रकार, ज्याचं नाव लँडस्केपसाठीच घेतलं जाऊ लागलं. जर्मन चित्रकार ड्यूररने 1521 मध्ये आपल्या प्रवासाच्या टिपणांत त्याला चांगला निसर्गचित्रकार म्हटलं आहे. पाटिनिरची चित्रं पाहा: क्षितिजरेषा खूप वर, त्यामुळे जमीन नकाशासारखी उलगडते. पुढे तपकिरी, मध्ये हिरवा, मागे निळा, असे तीन पट्टे. दूरच्या वस्तू निळसर दिसतात हे खरंच आहे, कारण मधली हवा प्रकाश विखुरते. पाटिनिरने त्याचं सूत्र बनवलं. संत आहेतच, पण इतके लहान की शोधावे लागतात. निमित्त शाबूत, पण आकसलेलं. त्याच काळात जर्मनीत आल्ब्रेख्ट अल्टडॉर्फरने एक पाऊल पुढे टाकलं. त्याच्या डॅन्यूबकाठच्या किल्ल्याच्या चित्रात माणूसच नाही. चित्र जेमतेम वहीच्या पानाएवढं आहे. बहुधा हातात घेऊन पाहण्यासाठीच असावं, असं मला त्याच्या आकारावरून वाटतं.

ब्रॉयगेल या चित्रकाराने 1565 मध्ये अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याच्या घरासाठी वर्षाच्या महिन्यांची मालिका केली. त्यातली पाच चित्रं उरली आहेत. बर्फातून परतणारे शिकारी सगळ्यांना माहीत आहेत. निमित्त आता संत नाही, ऋतू आहे. आणि गिऱ्हाईक चर्च नाही, व्यापारी आहे. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

कारण सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये नेमकं हेच झालं. प्रॉटेस्टंट चर्चनी वेदीवरची चित्रं मागवणं बंद केलं होतं, आणि हातात पैसा खेळणारा शहरी मध्यमवर्ग घरासाठी चित्रं घेत होता. चित्रकार आधी चित्र काढून मग बाजारात न्यायला लागले. त्यातून ज्याचा त्याचा खास माल ठरला: आफरकाम्पचे गोठलेले कालवे, आर्त फान देर नेरच्या चांदण्या रात्री, कुणाचा समुद्र, कुणाच्या वाळूच्या टेकड्या. यान फान गोयेनचं काम तंत्राच्या दृष्टीने बघण्यासारखं आहे. ओकच्या फळीवर इतका पातळ थर की लाकडाच्या रेषा वर दिसतात, त्यावर गडद रेषेत भरभर रेखाटन, आणि मग तपकिरी, करडा, मळकट हिरवा अशा मोजक्या मातीच्या रंगांत, ओल्या थरावरच ओला रंग. स्वस्त रंग आणि कमी वेळ, त्यामुळे चित्राची किंमत आवाक्यात. पण याच काटकसरीतून एक नवीन गोष्ट हाती लागली: रंगांऐवजी टोनवर, म्हणजे फिकट-गडद छटांवर, उभं राहिलेलं, सगळीकडे एकच दमट हवा भरलेलं चित्र. त्याने हजाराहून अधिक चित्रं केली. ट्यूलिपच्या कंदांच्या सट्ट्यात तो बुडाला आणि 1656 मध्ये कर्ज मागे ठेवून गेला.

क्षितिजरेषाही याच वेळी खाली घसरली. याकोब फान रॉइसडालने 1670 च्या दशकात हार्लेम शहराची जी दृश्यं केली, त्यांत आकाश दोन तृतीयांश आहे. खाली सपाट मैदानावर लिननचं कापड शुभ्र व्हावं म्हणून उन्हात पसरलेलं, तो तिथला नावाजलेला धंदा होता. ढगांच्या फटीतून ऊन नेमकं त्या कापडावर पडलेलं, बाकी मैदान सावलीत, आणि दूर चर्चचं टोक. आकाशातले ढग जमिनीवरच्या उजेडाचे तुकडे ठरवतात. चित्राचं सगळं काम आकाश करतं. विद्यार्थी आकाश शेवटी ‘भरतात’, तेव्हा मी त्यांना हेच चित्र दाखवते. एक बारकावा सांगण्याजोगा: रॉइसडालच्या काही चित्रांतली माणसं आड्रियान फान दे व्हेल्डे या दुसऱ्याच चित्रकाराने काढलेली आहेत. माणूस आता चित्राचा विषय राहिला नव्हता. मोजमाप कळावं आणि गिऱ्हाइकाला बरं वाटावं, एवढ्यापुरताच तो उरला.

त्याच शतकात रोममध्ये क्लोद लोरँ वेगळ्या वाटेने चालला होता. एका बाजूला गडद झाड, मध्ये पाणी, लांबवर पूल, आणि थेट आपल्याकडे येणारा सकाळ-संध्याकाळचा प्रकाश, ही त्याची रचना पुढे दोनशे वर्षं लोक गिरवत राहिले. तो पहाटेपासून रानात जाऊन आकाश न्याहाळायचा, पण अंतिम चित्र स्टुडिओतच आणि विषय पुराणातलाच. लँडस्केपचे मी पैसे घेतो, माणसं फुकट देतो, असं तो म्हणायचा अशी आख्यायिका आहे. नकली चित्रांचा सुळसुळाट इतका झाला, की त्याने आपल्या प्रत्येक चित्राची रेखाटन-नोंद ठेवलेली वही बनवली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

एवढं होऊनही दर्जा मिळाला नव्हता. फ्रेंच अकादमीत, म्हणजे तिथल्या राजमान्य कलासंस्थेत, फेलिबिएँने 1660 च्या दशकात चित्रप्रकारांची उतरंड मांडली: सर्वांत वर इतिहास-पुराणाची चित्रं, मग व्यक्तिचित्रं, आणि लँडस्केप बरंच खाली, फळाफुलांच्या किंचित वर. ही उतरंड शिक्षण, बक्षिसं, सरकारी खरेदी, सगळं ठरवत होती. गेन्सबरोसारख्या इंग्रज चित्रकाराला मनापासून निसर्ग रंगवायचा होता, पण पोटासाठी श्रीमंतांचे चेहरे करावे लागले. 1816 मध्ये अकादमीने रोमच्या शिष्यवृत्तीत लँडस्केपचं बक्षीस ठेवलं, तेही चार वर्षांतून एकदा आणि ‘ऐतिहासिक’ लँडस्केपला. निमित्त अजून सुटलेलं नव्हतं.

ते उघडपणे तुटलं ते जर्मनीत, आणि भांडण होऊन. कास्पार डाव्हिड फ्रीड्रिखने 1808 मध्ये वेदीसाठी म्हणून एक चित्र केलं: फरच्या झाडांनी वेढलेल्या कड्यावरचा क्रूस, मागे मावळतीची किरणं. समीक्षक रामडोरने छापून हल्ला चढवला, की लँडस्केप आता चर्चमध्ये घुसून वेदीवर चढू पाहतंय. त्याला नेमकं कळलं होतं काय चाललंय ते. त्यानंतरच्या ‘समुद्राकाठचा संन्यासी’ या चित्रात फ्रीड्रिखने खाली वाळूची पट्टी, काळसर समुद्र, आणि वर जवळजवळ पूर्ण चित्रभर आकाश एवढंच ठेवलं. अवरक्त किरणांच्या तपासणीत दिसलं, की आधी त्याने समुद्रात जहाजं काढली होती आणि मग ती मिटवली. माझ्या मते त्या काळातलं याहून धाडसाचं खाडाखोडीचं काम दुसरं नसेल.

इंग्लंडमध्ये कॉन्स्टेबलने तेच काम शांतपणे केलं. 1821 आणि 1822 मध्ये हॅम्पस्टेडच्या टेकाडावर बसून त्याने कागदावर तैलरंगात ढग रंगवले, आणि मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ढगांची नावं ल्यूक हॉवर्डने नुकतीच ठरवली होती. हे अभ्यास जवळून पाहिले तर फटकारे वाऱ्याच्या दिशेनेच गेलेले दिसतात. हात घाईत आहे, कारण ढग थांबत नाही. त्याचं गवताच्या गाडीचं सुप्रसिद्ध चित्र 1821 मध्ये लंडनला ‘लँडस्केप: दुपार’ या नावाने लागलं होतं. कथा नाही, ठिकाण नाही, फक्त वेळ. तिथे ते विकलं गेलं नाही. 1824 मध्ये पॅरिसला मात्र त्याला सुवर्णपदक मिळालं आणि फ्रेंच चित्रकार हादरले. टर्नरबद्दल सगळे लिहितात, म्हणून इथे आवरतं घेते. 1844 मधलं पाऊस, वाफ आणि आगगाडीचं चित्र पाहिलं की निसर्गचित्रात यंत्रही सामावतं हे कळतं.

अमेरिकेत लँडस्केपने इतिहासचित्राचीच जागा घेतली. फ्रेडरिक चर्चचं अँडीज पर्वताचं तीन मीटर रुंद चित्र 1859 मध्ये न्यूयॉर्कला लोकांनी 25 सेंट देऊन, नाटकाच्या दुर्बिणीतून तपशील शोधत पाहिलं. ते 10,000 डॉलरना विकलं गेलं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान 1872 मध्ये झालं, त्यामागे आदल्या वर्षी तिथे गेलेल्या थॉमस मोरानच्या जलरंगांचाही हात होता.

आता इंप्रेशनिस्ट. बाहेर बसून तैलरंगात काम करणं त्यांच्या आधीपासून चालत आलं होतं. व्हालँसिएन हा फ्रेंच चित्रकार 1780 च्या दशकात रोममध्ये ते करत होता आणि 1800 मधल्या आपल्या ग्रंथात त्याने बजावलं होतं, की जागेवरच्या अभ्यासाला दोन तासांपेक्षा जास्त घेऊ नका, सूर्यास्ताला तर अर्धाच तास. हा नियम आजही तंतोतंत लागू आहे. दोन तासांत सावल्या इतक्या सरकतात की सुरुवातीची सावली आणि शेवटचं ऊन एकमेकांशी खोटं बोलू लागतात. पण त्याची ती चित्रं अभ्यासाची मानली गेली. घरातच राहिली आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पोचली 1930 मध्ये. त्याच्यानंतरच्या कोरो या चित्रकाराचंही तेच: इटलीतले ताजे अभ्यास घरात, प्रदर्शनाला स्टुडिओत बांधलेलं चित्र. पॅरिसजवळच्या बार्बिझोन गावात काम करणाऱ्या चित्रकारांनी हे अंतर कमी केलं. दोबिन्यीने तर होडीवरच स्टुडिओ थाटला.

साधनंही बदलली होती. आधी घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. टाचणीने भोक पाडलं की रंग वाळायला लागायचा. जॉन रँड या चित्रकाराने 1841 मध्ये कथलाच्या दाबायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. कृत्रिम अल्ट्रामरीन, कोबाल्ट, व्हिरिडियन असे स्वच्छ निळे-हिरवे मिळू लागले, आगगाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येऊ लागलं. मोनेने 1870 मध्ये त्रूव्हीलच्या किनाऱ्यावर केलेल्या चित्राच्या रंगात वाळूचे कण चिकटलेले आढळले आहेत.

म्हणजे मोने आणि त्याच्या मित्रांनी 1874 च्या प्रदर्शनात नवीन काय केलं? जो अभ्यास इतरांनी घरात ठेवला, त्यावर त्यांनी सही केली आणि तो चौकटीत घालून भिंतीवर लावला. लिओनार्दोच्या रेखाटनापासून चालत आलेली ती दुफळी तिथे मिटली. 1891 मध्ये मोनेने गव्हाच्या गंजींची पंधरा चित्रं एकत्र मांडली, तेव्हा गंजीही निमित्तच झाली. विषय होता वेळ आणि उजेड. पॉपलरच्या झाडांची मालिका अर्धी असताना ती झाडं विकायला निघाली, तर त्याने लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे देऊन तोड लांबवली. पुढे सेझानने सेंत-व्हिक्त्वार डोंगर पुन्हा पुन्हा रंगवत हवेऐवजी घडण शोधली. मोंद्रियान झाडं आणि समुद्र रंगवत रंगवत 1915 पर्यंत नुसत्या आडव्या-उभ्या रेघांवर आला. शेवटी त्याने निसर्गालाही रजा दिली.

अभ्यास सुरू करायचा असेल तर पाटिनिर, क्लोद, रॉइसडाल, फ्रीड्रिखचा संन्यासी आणि मोनेची एक गंजी, एवढी पाच चित्रं घ्या. प्रत्येकाचं पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं पेन्सिल स्केच करा, फक्त तीन टोनमध्ये, आणि आधी क्षितिजरेषा मारा. तपशिलात शिरू नका. फान क्वानचं चित्र वेगळं करा: त्यातल्या तीन नजरा तीन निरनिराळ्या कागदांवर काढा, आणि धुक्याची जागा कोरी सोडा.